घरपोच किरायानामा : पाचपैकी साडेतीन

नागपुरात त्रिमूर्तीनगरला आमचं घर आहे, वरचा मजला किरायाने देतो. मागच्या महिन्यात नवीन किरायेदार आले, तेव्हा पहिल्यांदाच घरी येऊन किरायानाम्याची ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या एका मुलाला बोलावलं. त्याच्या दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही करणार आहे आणि पोरगा मेहनती आहे.

आधी जुनं दुखणं सांगते. 2021 साली ठेवलेल्या किरायेदाराचा कागद मी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करून कोर्टाजवळ नोटरी करून घेतला होता. अकरा महिने, अकरा हजार. वर्ष झाल्यावर तोंडी बोलून साडेबारा केले, तेही बिचारा देत राहिला. 2023 च्या जुलैत घर सोडलं तेव्हा बेडरूमच्या खिडकीखालची भिंत बघवत नव्हती. दोन उन्हाळे कूलर गळत राहिला होता, आतलं पुट्टीसकट प्लॅस्टर फुगून पापुद्रे सुटले होते. मी डिपॉझिटमधून सहा हजार कापायचे म्हटले. तो म्हणाला, "काकू, कागदावर अकराच हजार आहे, वरचे दीड-दीड हजार परत करा मग." भाचा वकिली करतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, गप बस आणि डिपॉझिट देऊन टाक."

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 त्याने मला तेव्हा समजावलं. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, महिन्याचा असो की अकरा महिन्यांचा. नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत किरायेदार सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी आयुष्यभर समजत होते की अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही. आमच्या गल्लीत अजूनही सगळे तसंच समजतात. आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हेही तेव्हाच कळलं.

तर या वेळेस हा पोरगा आला. लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन, छोटा कॅमेरा, सगळं एका पिशवीत. नवीन किरायेदार मिहानमध्ये नोकरीला, नवरा-बायको दोघंच. आधार-पॅन घेतले, फोटो काढले, अंगठे घेतले. माझा अंगठा मात्र काही केल्या लागेना. चाळीस वर्षं भांडी घासून रेषा राहिल्याच कुठे! ओल्या रुमालाने पुसून झालं, साडीच्या पदराला घासून झालं, शेवटी उजव्या हाताचं मधलं बोट लागलं. पोरगा अजिबात वैतागला नाही. एक स्टार याच्यासाठीच.

सरकारी खर्चाचा हिशोब भाच्याकडून आधीच करून घेतला होता. किराया 14,000, दुसऱ्या वर्षी 14,700, डिपॉझिट 40,000, मुदत 24 महिने. एकूण किराया आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे नऊशेच्या आसपास. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. पोरानं फोनवर सरसकट 3,500 सांगितले होते. फोड विचारली तर "काकू, सगळं त्यातच येते" म्हणाला. चलान दाखव म्हटल्यावर दाखवलं, तेव्हा त्याची मजुरी सोळाशे निघाली. दोन खेपा केल्या त्याने, तेवढी द्यायला हरकत नाही, पण आधी सांगायला काय झालं? इथं अर्धा स्टार कापला.

पूर्ण एक स्टार मसुद्यासाठी कापला. त्याच्याकडे एकच तयार मजकूर, त्यात नावं बदलायची. मी चष्मा लावून वाचायला बसले तर म्हणतो, "काकू, स्टँडर्डच असते, सगळे हेच करते." वाचला म्हणून बरं. मुदत परत अकरा महिने टाकलेली. गच्ची आणि पार्किंगचा उल्लेखच नाही. घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचा किराया कापायचा, असं कलम आपसूक आलेलं, जे माझ्या फायद्याचं असूनही मी काढायला लावलं, कारण दोन वर्षांत भिंती मळणारच. डिपॉझिट किती दिवसांत परत, ते नव्हतं. चावी दिल्यापासून पंधरा दिवस लिहिलं. नोटीस दोन्हीकडून एक महिन्याची केली. आधी ती फक्त किरायेदारासाठी होती, आणि नवीन किरायेदाराच्या बायकोने ती चूक बरोब्बर पकडली.

कूलरचं कलम मी स्वतः सांगून लिहून घेतलं : कूलर बाहेरच्या लोखंडी स्टँडवरच ठेवायचा, पाणी भिंतीवर गळू द्यायचं नाही, गळून प्लॅस्टर खराब झालं तर तेवढ्या भागाच्या दुरुस्तीचा खर्च किरायेदाराचा. पोरगा हसत होता. मेमध्ये 45 डिग्रीत कूलर दिवस-रात्र चालतो, बापा, हसण्यासारखं काय आहे त्यात? मग सामानाची यादी जोडली : पंखे चार, गिझर एक, ट्यूबलाइट सहा. महावितरणच्या मीटरचं त्या दिवशीचं रीडिंगही लिहिलं. खिडकीखालच्या भिंतीचा फोटो किरायेदाराच्या मोबाईलवर काढून माझ्याकडे पाठवून घेतला.

कराराच्या शीर्षकात 'लिव्ह अँड लायसन्स' (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) आहे ना, हे भाच्याने आवर्जून तपासायला सांगितलं होतं. मुदत संपूनही कुणी हललं नाही तर त्याच कायद्याच्या कलम 24 प्रमाणे ताबा मागता येतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट किरायाचीही तरतूद आहे, पण ती लायसन्सलाच.

तीन दिवसांत नोंदवलेला करार आणि इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, पीडीएफमध्ये आला. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचं काम वेगळं, ते याच्या पैशात येत नाही. तेही त्याने मी विचारल्यावर सांगितलं.

बोलवायचं असेल तर साक्षीदार दोन आधीच घरी बसवून ठेवा. आमचे दुसरे साक्षीदार, म्हणजे शेजारचे भाऊजी, आधार घरी विसरून आले आणि पोराने तोवर दोनदा तर्री-पोहे खाल्ले.