पर्पलएअरचा सेन्सर: दोन वर्षं बाल्कनीत लावून बघितला, आता सांगते

जून २०२३ मधे कॅनडातल्या वणव्यांचा धूर पार आमच्या नॉर्थ कॅरोलायनापर्यंत आला, मुलाचा दमा उफाळला आणि मी घाईघाईत पर्पलएअर कंपनीचा हा हवेतले धूर-धुळीचे कण मोजणारा, बाहेर लावायचा सेन्सर मागवला. तेव्हापासून बाल्कनीत टांगलेला आहे, त्यामुळे हे काही पहिल्या आठवड्यातलं कौतुक नाही.

दिसायला अगदी साधा, पांढरी प्लास्टिकची वाटी उलटी टांगावी तसा. प्लग आणि वायफाय लागतं, बाकी काही नाही. आत प्लँटॉवर नावाच्या कंपनीचे दोन सेन्सर आहेत, बारका पंखा हवा आत ओढतो, लेझरच्या उजेडात कण चमकतात आणि त्या चमकण्यावरून पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा, आकडा काढला जातो. म्हणजे धुळीचं वजन कुणी करत नाही, तो अंदाज असतो, आणि सगळी मेख इथेच आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पहाटे हवा इतकी दमट की रेलिंगला हात लावला तर ओला होतो, तेव्हा कण पाणी पिऊन फुगतात, लेझरला मोठे दिसतात आणि आकडा चढतो. सुरुवातीला मला हे माहीतच नव्हतं, तो कच्चा आकडा बघून मी पोराला दोन दिवस खेळायला सोडलं नाही.

मग शोधलं तर कळलं की यावरचं काम आमच्या घरापासून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटांवर चालतं! रीसर्च ट्रँगल पार्कमधे ईपीएचं, म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याचं, मोठं संशोधन केंद्र आहे. तिथे असे स्वस्त सेन्सर महागड्या सरकारी मॉनिटरच्या शेजारी उघड्यावर लावून ठेवतात आणि दोघांचे आकडे ताडून बघतात. पर्पलएअरसाठी त्यांनी १६ राज्यांमधला असा डेटा जमवून एक सूत्र काढलं: कच्चा आकडा गुणिले ०.५२४, त्यातून आर्द्रता गुणिले ०.०८६ वजा, मग ५.७५ मिळवायचे. करून बघा, कच्चा आकडा ६० आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर उत्तर येतं साधारण ३१, जवळजवळ निम्मं! पर्पलएअरच्या ऑनलाइन नकाशावर ईपीएचा पर्याय निवडला की हे आपोआप होतं, आणि सरकारच्या आग आणि धुराच्या नकाशावर तर सुधारलेलेच आकडे असतात (दाट धुरासाठी सूत्र थोडं वेगळं आहे). मी आता तेवढंच बघते.

अजून एक, कुठल्याही कंपनीचा सेन्सर घेताना ‘ईपीए मान्यताप्राप्त’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ईपीए या सेन्सरना सर्टिफिकेट देतच नाही. २०२१ मधे त्यांनी फक्त चाचणी कशी घ्यायची ते ठरवून दिलं, एकाच मॉडेलचे किमान तीन सेन्सर, दोन वेगळ्या हवामानाच्या जागी, प्रत्येकी किमान ३० दिवस. विक्रेत्याला हा रिपोर्ट सरळ मागायचा.

दोन सेन्सर असल्याचा फायदा मला गेल्या पावसाळी आठवड्यात कळला. एक १२ दाखवतोय आणि दुसरा ४७, काढून बघितलं तर एकाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलेलं. मऊ ब्रशने झाडलं, फुंकर मारली, तासाभरात दोघं जुळले. एकच असता तर मी ४७ खरं मानून दारं-खिडक्या लावून बसले असते. पीएम १० साठी, म्हणजे जरा मोठ्या कणांसाठी, मात्र घेऊ नका, जाड धूळ याला नीट पकडताच येत नाही.

डिसेंबरात पुण्याला जाताना दादासाठी एक नेला. त्याच्या सोसायटीसमोर बांधकाम चालू आहे आणि ती धूळ हा कमीच दाखवणार हे आधीच सांगून टाकलं. इथलं सूत्र इथल्या हवेवर बसवलेलं, ते पुण्याला लागू पडेलच असं नाही. आपल्याकडेही हे काम झालंय, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूरने २०२०-२१ मधे मुंबईत १५ सरकारी स्टेशनांवर भारतीय स्टार्टअप्सचे ४० सेन्सर लावून असंच ताडून बघितलं होतं. म्हणून दादाला म्हटलं, पहिले दोन महिने जवळच्या सरकारी स्टेशनचा आकडा आणि आपला आकडा रोज सकाळी शेजारी शेजारी लिही. वहिनीने किचनमधल्या कॅलेंडरवरच लिहायला सुरुवात केलीये, दुधाच्या हिशोबाखाली, आणि दर रविवारी मला फोटो पाठवते.