क्रूझवर नोकरी लावतो म्हणून पैसे मागितले की तिथेच थांबा

माझ्या धाकट्या भावाला क्रूझवर लावतो म्हणून बेलापूरच्या एका ऑफिसने आमच्याकडून 3 लाख 80 हजार रुपये घेतले आणि हातात खोटं ऑफर लेटर दिलं. नाव लिहीत नाही, पोलिसात प्रकरण चालू आहे. पण त्यांची पद्धत सगळी सांगते, कारण कोकणातली, गोव्यातली कितीतरी पोरं हॉटेल मॅनेजमेंट करून याच नोकरीच्या मागे असतात आणि त्यांना असंच गाठतात.

भाऊ पुण्यात एका हॉटेलच्या किचनला होता. इन्स्टावर जाहिरात आली, फ्रेशर चालेल, लगेच जॉइनिंग. फोन केला तर पैशाचा विषयच नाही, म्हणाले आधी एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावर जायला लागणारे सुरक्षेचे बेसिक कोर्स कर, मग सीडीसी, म्हणजे जहाजावरच्या माणसाचं सरकारी ओळखपुस्तक काढ, मग बघू. आणि हे कोर्स खरे होते हो! सरकारमान्य इन्स्टिट्यूट, लाइफ जॅकेट घालून पाण्यात उडी मारायला लावली, आग विझवायला लावली, फर्स्ट एड शिकवलं. सर्टिफिकेटं डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाज वाहतूक बघणाऱ्या सरकारी खात्याच्या साइटवर इंडॉस नंबर (जहाजावरच्या माणसाला मिळणारा सरकारी ओळख नंबर) टाकून बघितली तर दिसतात, सीडीसी पण खरीच आली. त्यामुळे पप्पांचा पूर्ण विश्वास बसला आणि त्यांच्या जागी कोणाचाही बसला असता. हीच त्यांची खरी चलाखी आहे. पहिला अर्धा रस्ता खरा ठेवतात, म्हणजे पुढचा खोटा आहे अशी शंकाच येत नाही.

त्यानंतर पैसे सुरू झाले. रजिस्ट्रेशनचे 20 हजार, मग कंपनीकडे सीट ब्लॉक करायचे 90 हजार, मग व्हिसाचे, मग "जॉइनिंग सिक्युरिटी", ती म्हणे पहिल्या पगारात परत मिळते. प्रत्येक वेळी उद्या शेवटची तारीख, नाहीतर सीट दुसऱ्याला जाईल. पप्पांना सांगायचे, "काका, पोरगा वर्षात सगळं फेडेल, तुम्ही टेन्शन घेऊ नका." आईच्या पाटल्या पतपेढीत ठेवल्या आणि त्यातले बरेचसे पैसे त्यांनी कॅश मागितले, पावती नाही. भावाचा पासपोर्ट पण व्हिसासाठी म्हणून काढून घेतला.

मग ऑफर लेटर आलं. लोगो खरा, जहाजाचं नाव खरं, खाली शिक्का. मी ते आमच्या शेजारच्या दादाला दाखवलं, तो बरीच वर्षं जहाजावर केबिन स्टुअर्ड आहे, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या बघतो, तेव्हा सुट्टीवर घरी आला होता. त्याने एकदा वाचलं आणि म्हणाला, "ताई, यात आठ तास ड्युटी आणि रविवारची सुट्टी लिहिलीय. जहाजावर रविवार नसतो गं." कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं असो की नऊ, रोज काम असतं, आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नाही. नियम आहे तो विश्रांतीचा, 24 तासात किमान 10 तास आणि 7 दिवसात किमान 77 तास. दुसरं म्हणजे नवीन पोराला गॅलीत, म्हणजे जहाजाच्या किचनात युटिलिटी म्हणून घेतात, भांडी, फरशी, कचरा, आणि यांनी त्याच कामाला न पटण्याइतका, 2400 डॉलर पगार लिहिलेला. मग त्याने फोनवर जहाजांची जागा दाखवणारी साइट उघडली. लेटरवर पुढच्या आठवड्यात मायामीला जॉइनिंग आणि ते जहाज तेव्हा भूमध्य समुद्रात फिरत होतं, पुढच्या ट्रिपा पण तिकडच्याच लागलेल्या.

व्हिसाचं पण तसंच. अमेरिकेतून जहाज पकडायचं तर सी वन डी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांचा अमेरिकेचा व्हिसा लागतो, पहिल्यांदा जाणाऱ्याला स्वतः बायोमेट्रिक आणि इंटरव्ह्यूला जावं लागतं आणि व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला येतो. भाऊ मुंबईत बीकेसीला, जिथे अमेरिकेची वकिलात आहे, तिथे कधी गेलाच नव्हता आणि यांनी व्हॉट्सअपवर व्हिसा म्हणून एक पीडीएफ पाठवलेली, वर म्हणे कंपनीच्या कोट्यातून झालाय.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. जहाजावर माणसं भरायची तर एजन्सीकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल, म्हणजे जहाजावर भरती करायचं लायसन्स लागतं. या लोकांच्या लेटरहेडवर तो नंबर होता. मी साइटवर टाकला तर तो चालू लायसन्सचा निघाला, पण नाव-पत्ता दुसऱ्याच कंपनीचा. मी त्या खऱ्या कंपनीच्या ऑफिसात गेले, तिथल्या मॅडमनी लेटर बघून सांगितलं, हे आमचं नाही आणि असं लेटर घेऊन येणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. म्हणून नुसता नंबर आहे यावर जाऊ नका, लेटरवरचा फोन लावू नका, साइटवर जो पत्ता आणि फोन आहे तिथेच विचारा.

आणि नोकरी लावायचे पैसे घ्यायला लायसन्सवाल्यांना पण बंदी आहे. एमएलसी 2006 म्हणून जहाजावर काम करणाऱ्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो 2015 मध्ये मान्य केला. त्यात पोराने फक्त स्वतःचं मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्ट याचा खर्च करायचा, व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजाच्या मालकाचा. कोर्सची फी इन्स्टिट्यूटला जाते, ती वेगळी. बाकी सर्व्हिस चार्ज म्हणा, डिपॉझिट म्हणा, सीट म्हणा, काहीही नाव दिलं तरी ते घेणं बेकायदा आहे. हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर आईच्या पाटल्या आज घरात असत्या, याचा मला फार राग येतो.

पासपोर्ट मिळाला. खाजगी माणसाला दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवता येत नाही, पोलिसात जाते म्हटल्यावर त्यांनी संध्याकाळपर्यंत आणून दिला. पैशांचं मात्र अवघड आहे. ऑनलाइन दिलेल्या रकमेची तक्रार 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली पण तोवर उशीर झालेला, तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावला तरच खात्यात अडवता येतात. कॅशचा तर पुरावा म्हणजे फक्त व्हॉट्सअपवरचं त्यांचं "रिसीव्हड" एवढंच. पोलिस स्टेशनला तक्रार दिली, कांजूरमार्गला डीजी शिपिंगच्या ऑफिसात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आमच्यासारखी अजून तीन घरं सापडली, एक सावंतवाडीचं आहे, आता सगळ्यांचे जबाब एकत्र देतोय.

भाऊ परत हॉटेलात लागलाय, त्याचे कोर्स आणि सीडीसी खरे असल्याने ते वाया गेले नाहीत, एका लायसन्सवाल्या एजन्सीत इंटरव्ह्यू देऊन आलाय, तिथे एक रुपया मागितला नाही. तुमच्यापैकी कोणी बेलापूरच्या अशा ऑफिसला पैसे दिले असतील तर त्यांच्याशी भांडायच्या आधी चॅट, कॉल रेकॉर्ड, बँकेचं स्टेटमेंट सगळं सेव्ह करून घ्या, कारण आम्ही विचारायला लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा त्यांच्याकडचे मेसेजच डिलीट केले.