प्रीमियर पद्मिनी घ्यावी की मारुती ८००?

हौसेने जुनी गाडी घेणाऱ्याने ती रोज चालवायची आहे की रविवारी, हे आधी ठरवावे. कारण या दोन गाड्यांतला खरा फरक तिथेच कळतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली आणि पुढे पद्मिनी म्हणवली गेलेली फियाट मुंबईकरांना काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे पाठ आहे. तिचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन मागची चाके फिरवते, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असतो आणि पुढची सीट सलग असते. सकाळी चोक ओढायचा, एक्सिलरेटर दोनदा दाबायचा आणि घरघर स्थिरावेपर्यंत थांबायचे. ती दोन मिनिटे मला आवडतात, अर्थात ऑफिसला उशीर झालेला नसेल तर. पुढच्या दाराची तिकोनी काच फिरवली की वारा थेट अंगावर येतो. ते सुख मारुतीत नाही. मात्र चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि जड स्टिअरिंग असल्यामुळे गर्दीच्या रस्त्यावर हात व पाय दोन्ही भरून येतात.

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० इंजिनाने लहान, म्हणजे ७९६ सीसीची आणि तीन सिलिंडरची आहे. पण वजनाला बरीच हलकी असल्याने सिग्नल सुटल्यावर चपळ वाटते आणि अरुंद गल्लीत सहज वळते. तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालू होते, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि तिला हात लावायला कोणताही मिस्त्री कचरत नाही. कार्बोरेटरऐवजी, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाऐवजी, एमपीएफआय ही पेट्रोल फवारणारी यंत्रणा असलेली नंतरची गाडी मिळाली तर चोकची कटकटही नाही. एअरबॅग मात्र दोघींतही नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगावे.

रोजच्या वापरासाठी मी मारुतीच घ्यायला सांगेन. पद्मिनी त्यानेच घ्यावी, ज्याच्याकडे छपराखाली जागा आहे आणि कार्बोरेटर कानाने जुळवणारा मिस्त्री ओळखीचा आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करता येते. पण मग ती रोजच्या कामाला वापरता येत नाही.

सौदा करण्यापूर्वी पायाखालचे मॅट उचलून पत्रा बोटाने दाबून पाहावा, दारांच्या खालच्या कडा तपासाव्यात आणि आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. पंधरा वर्षांनंतरचे पासिंग झालेले नसेल, तर ते विकणाऱ्याकडून करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.