झेरॉक्स-बायंडिंगचं दुकान आणि आमच्या ‘सायकल, ३ नग’

चार स्टार देतोय. पाचवा का कापला ते खाली आहे, वेळ असेल तर वाचा, नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की पेनड्राइव्हमध्ये वर्डची फाइल घेऊन जाऊ नका, पीडीएफच न्या.

दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण अर्धी चूक माझीच होती आणि अण्णा लै मनाला लावून घेतात. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या एका गल्लीत आहे, दोन मशिनी, एक कॉम्प्युटर जो सुरू होईपर्यंत आपला चहा संपतो, आणि परीक्षेच्या दिवसात पोरं पायरीवरच उभी असतात. रेट ठीक आहेत, पाठपोट दीड रुपया, स्पायरल चाळीस.

आता काय छापायचं होतं ते सांगतो. आम्ही तिघं, दोन मास्तर आणि एक एमएस्सीची पोरगी, दर रविवारी सकाळी बसून गणितातल्या अल्जेब्रेइक सायकल (काय ते खाली सांगतो) आणि मोटिव्ह, म्हणजे समीकरणांच्या आकारांचे मूळ घटक, वाचतो, ते पण सांत क्षेत्रावरचे, म्हणजे फायनाइट फील्डवरचे. घरी मी नुसतं ‘क्लास आहे’ म्हणतो. दीड वर्षात आमच्या स्वतःच्या नोट्स १८६ पानं झाल्या, त्याच्या तीन कॉपी. अण्णांच्या पोराने बिलावर लिहिलं, ‘सायकल, ३ नग’. ते बिल मी जपून ठेवलंय.

पहिला घोळ काउंटरवरच सापडला. नोट्समध्ये एक तक्ता आहे, y² = x³ + x + 1 हे समीकरण पाच अंकांच्या क्षेत्रात, म्हणजे ० ते ४ एवढेच अंक आणि पाच झाले की परत शून्य, तिथे किती उत्तरं देतं त्याचा. हाताने मोजा, x ला ०, २, ३, ४ घातलं की प्रत्येकी दोन y मिळतात, १ ला एकही नाही, अनंतावरचा एक बिंदू धरून एकूण ९. पंचवीस अंकांच्या क्षेत्रात २७. सव्वाशेच्या क्षेत्रात १०८. छापील पानावर शेवटचा आकडा दिसला ०८, कारण स्पायरलच्या भोकाने एक खाल्ला होता. मला बघताक्षणी कळलं, कारण या वक्राच्या बिंदूंची आपसात बेरीज करता येते आणि लहान क्षेत्रातले ९ बिंदू मोठ्या क्षेत्रातल्या बिंदूंचा उपगट (बेरीज केली तरी आपल्यातच राहणारा भाग) असतात, तेव्हा पुढचा प्रत्येक आकडा नऊच्या पाढ्यात यायलाच पाहिजे, आठ कुठून येईल? अण्णा म्हणाले, “सर तुम्ही पाढे म्हणून बायंडिंग तपासताय?” पण पान लगेच बदलून दिलं, पैसे नाही घेतले. समासात दीड सेंटिमीटर जागा सोडा, हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, हा पाव स्टार गेला.

खरा घोळ घरी येऊन कळला. सायकल म्हणजे बिंदू, वक्र, पृष्ठभाग अशा तुकड्यांना पूर्णांक लावून केलेली बेरीज, बाकी काही नाही. भांडण असतं ते दोन सायकल ‘सारख्या’ कधी म्हणायच्या याचं. एक कडक नियम, रॅशनल, एकीला सरकवत सरकवत दुसरीपर्यंत नेता आलं पाहिजे, आणि सरकवताना बदलत जाणारा आकडा सरळ रेषेवरचा हवा. दुसरा ढिला, न्यूमेरिकल, जिथे जिथे छेद घ्याल तिथे आकडा सारखा आला की झालं. दोन्हीसाठी ‘~’ हीच खूण, खाली बारीक अक्षरात कुठला नियम ते लिहायचं. मी अतिशहाणपणा करून एक अक्षर फिक्कं पिवळं केलं होतं आणि दुसरं पिस्ता कलरचं, स्क्रीनवर काय सुंदर दिसत होतं! ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दोन्ही गायब. वर अण्णांचं मशीन टोनर वाचवायच्या मोडवर. ३८ पानांवर नुसतं ‘~’ आणि पुढे ‘हे दोन नियम वेगळे आहेत’ असं वाक्य.

पोरगी हसून हसून बेजार, म्हणाली सर दुकानाने गणितज्ञ बेलिन्सनचं कंजेक्चर छापलंय. खरंच आहे ते, सांत क्षेत्रावर अपूर्णांक चालवून घेतले तर दोन्ही नियम एकच, असा तो अंदाज आहे. वरच्याच वक्रावर बघा, दोन बिंदू घ्या, न्यूमेरिकली सारखेच, रॅशनली वेगळे. पण बिंदूच मुळात ९, त्यामुळे फरकाची नऊपट केली की शून्य, म्हणजे नवाने भागायची परवानगी असेल तर फरक उरतच नाही. परिमेय संख्यांवर ही युक्ती चालत नाही, तिथे कितीही पट करा, कधीच शून्य न होणारे बिंदू असू शकतात. वक्रासाठी हे सोपं, पण सगळ्या व्हरायटींसाठी, म्हणजे समीकरणांनी बनणाऱ्या सगळ्या आकारांसाठी, अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, अण्णांच्या मशीनने केलं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. ते पान समोर धरल्यावर अण्णा म्हणाले, “हे काय वाचूलालाव ओ सर तुम्ही, अक्षरच नाही कुठं.” मग स्वतःच फाइल उघडून सगळं काळं केलं, पीडीएफ बनवली, टोनरचा मोड काढला आणि ३८ पानं गुणिले तीन फुकट छापून दिली. आता कोण करतं हो असं.

आणि चांगलं काय ते पण लिहायला हवं. इतिहासाचा चॅप्टर सुबक आला, सांत क्षेत्रावरची उत्तरं मोजण्याबद्दलचे १९४९ चे आंद्रे वेय यांचे अंदाज, १९६० ला ड्वॉर्कने त्यातला एक भाग आणि १९७४ ला देलीन्यने शेवटचा अवघड भाग सोडवलेला. त्याच भागासाठी ग्रोथेंडीकने मांडलेले सायकलींबद्दलचे अंदाज, स्टँडर्ड कंजेक्चर, तर १९६८ च्या मुंबईच्या परिषदेतले, टाटा इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे इथून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने एका रात्रीवर. देलीन्य दुसऱ्याच वाटेने गेला, ते कंजेक्चर बरेचसे आजही तसेच पडून आहेत. मोटिव्हचं मात्र यानसेनने १९९२ ला दाखवलं की न्यूमेरिकल नियम घेतला तर त्यांचे सुटे भाग नीट वेगळे होतात, त्यासाठी ते कंजेक्चर लागतच नाहीत.

सगळ्यात भारी छपाई पान ११२ ची. मी हाताने काढलेला चौकोन आहे, वरचाच वक्र गुणिले तोच वक्र. त्यात आडवी रेघ, उभी रेघ, कर्ण, आणि चौथा वाकडातिकडा फ्रोबेनियसचा आलेख, बिंदूचे दोन्ही आकडे पाचव्या घातात नेणारा. कॉम्प्लेक्स संख्यांवर साधारण वक्र घेतला तर तीनच मिळतात, चौथा हा फ्रोबेनियसचा बोनस. गणितज्ञ टेटचं म्हणणं की एकमेकींतून न निघणाऱ्या किती सायकल असतील ते फ्रोबेनियसच्या आयगेनव्हॅल्यू (तो ज्या आकड्यांनी नुसतं गुणतो ते) मोजून कळावं, इथे ५ असलेल्या मोजल्या तर चार, आणि रेघा पण चारच. अशा, बिंदूंची बेरीज होणाऱ्या व्हरायटींवर, डिव्हायजरपुरतं (आकारापेक्षा एकच मिती कमी असलेल्या सायकलींपुरतं), त्यानेच १९६६ ला सिद्ध केलं. पेन्सिलचा आलेख होता तरी एक रेघ तुटली नाही, स्कॅनिंगला पूर्ण मार्क.

कव्हरचं प्लास्टिक पातळ आहे, जाड मागून घ्या, दहा रुपये जास्त. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर जत्रेच्या दिवसात तिकडे गाडी घेऊन जाऊ नका, मी गेलो होतो, पार्किंग शोधण्यात पाऊण तास गेला आणि पोचलो तोवर अण्णा जेवायला घरी.