फॉर्म्युला ओढायचा की टेबल करायचं?

सोलापुरात चादर-टॉवेलच्या पेढीवर एक्सेलची शीट रोज लांबत जाते: तारीख, गिऱ्हाईक, नग, दर, रक्कम. प्रश्न असतो तो रकमेच्या रकान्याचा.

पहिली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. सेलच्या कोपऱ्यातला चौकोन धरून फॉर्म्युला खाली ओढायचा किंवा त्यावर डबल क्लिक करायचं. पाच-पन्नास ओळींचं एकदाच करायचं कोटेशन असेल तर हेच बरं. पण उद्या नवी नोंद आली की पुन्हा ओढा. दिवाळीच्या गर्दीत एखादी ओळ राहिली आणि बेरजेची रेंजही अपुरी पडली, तर रक्कम गुपचूप कमी येते.

दुसरी रीत: डेटात कुठेही क्लिक करून कंट्रोल टी दाबा, म्हणजे त्या नोंदींचं एक्सेल टेबल होतं. मग रकमेखाली एकदाच =[@नग]*[@दर] लिहा, म्हणजे त्याच ओळीतले नग गुणिले दर. एंटर दाबताच अख्खा रकाना भरतो, आणि शेवटच्या ओळीखाली नवी नोंद टाकली की फॉर्म्युला आपसूक खाली येतो. शीर्षकं मराठीत चालतात, त्यामुळे नवा माणूसही हिशोब वाचू शकतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

रोजच्या नोंदींना टेबलच करा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र शीटला प्रोटेक्ट, म्हणजे बदल रोखणारं कुलूप, लावलं की टेबल आपोआप वाढत नाही. रकाना भरतच नसेल, तर ऑटोकरेक्टच्या पर्यायांत टेबलमध्ये फॉर्म्युला भरण्याची खूण आहे का, ते आधी बघा.