दारू सोडणाऱ्यांसाठी मिरजेतली गुरुवारची संगती: माझा अनुभव

दारू सुटावी म्हणून कुणाला प्रार्थनेला नेणार असाल, तर तिथले लोक डॉक्टरांचं नाव काढतात का, ते आधी बघा. मिरजेत आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी जी संगती भरते, तिला मी मनापासून चांगलं म्हणते ते आधी यासाठी.

माझा धाकटा भाऊ द्राक्षाचा टेंपो चालवतो. त्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि लगेच विचारलं, "शेवटची कधी घेतलीस? पूर्वी कधी फिट आली होती का?" त्याच रात्री दवाखान्यात दाखल करायला लावलं. रोज खूप पिणाऱ्यानं एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, कधी जीवही जातो. याआधी दुसऱ्या एका सभेत त्याला 'विश्वास असेल तर गोळ्या फेकून दे' असं सांगितलं होतं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. वॉनलेससाहेब या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्या मिरजेत राहून आम्ही औषध आणि प्रार्थनेचं भांडण का लावावं?

संगतीत प्रवचन फारसं नसतं. पेटीवर रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन, एक वचन, मग खुर्च्या गोल मांडून ज्यानं त्यानं बोलायचं. मांडणी बारा पायऱ्यांची, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेकडून घेतलेली. ती संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन गावी दोघा पिणाऱ्यांच्या भेटीतून सुरू झालं. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत जाणारे, त्यामुळे चुकांची कबुली, नुकसानीची भरपाई हे तिथूनच आलेलं. त्यांनी देव ज्याला जसा उमजेल तसा ठेवला, आमच्याकडे येशूचं नाव उघड घेतात. पण आग्रह कुणाला नाही. मालगावकडचे एक काका येतात. पिणं वाढल्यावर त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून ठेवली होती. सुटल्यावर पुन्हा घातली, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद आमच्या पाळकांना झाला.

भावानं आईच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. घरात सगळ्यांना ठाऊक, पण तो कधी कबूल झाला नाही. त्याच लाजेपायी आणखी प्यायचा. पाचव्या पायरीला त्यानं ते देवासमोर आणि संगतीतल्या एका वडीलधाऱ्या माणसापुढे तोंडानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, क्षमेची प्रार्थना केली आणि विचारलं, "आता सोनाराचं व्याज कसं भरायचं?" देवानं माफ केलं म्हणजे हिशेब मिटला, असं त्याला कुणी म्हणू दिलं नाही. तो दरमहा पैसे भरतोय. नाताळात एकदा घसरला, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच संगतीतले दोघे दारात उभे. ओरडायला नाही, दवाखान्यात न्यायला.

प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा, प्यालाही बघण्यासारखा आहे. तासगावचा काळा मनुका रात्री भिजत घालतात, सकाळी उकळून गाळतात आणि त्याच दिवशी वाढतात. शिळा ठेवत नाहीत, आंबूस वास आला तरी एखाद्याची तलफ जागी होते म्हणून. माझा भाऊ कितीतरी वर्षं प्याला पुढे आला की मान खाली घालायचा. आता घेतो.

कमी काय, तेही सांगते. आम्हा बायकांसाठी वेगळी बैठक नाही. पिणाऱ्याची बायको, आई, बहीण यांनाही कुठेतरी मन मोकळं करायचं असतं, आणि ते नवऱ्यासमोर, भावासमोर होत नाही. मी हे पाळकांना सांगितलंय. दुसरं म्हणजे सुटायला उशीर होतो, कवठ्याकडच्या लोकांची एसटी चुकते.

फी नाही. ऐच्छिक दानपेटी आहे, पण ती कुणी पुढे सरकवत नाही. पहिल्यांदा येताना घरचं एक माणूस सोबत आणा आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी विसरू नका, ती ते मागतातच.