‘शिराज’ची ब्ल्यू-रे : खलनायिकेच्या भूमिकेतील सीतादेवी

भारतात हजाराहून अधिक मूकपट तयार झाले, पण आज त्यांतील अगदी मोजकेच पाहायला मिळतात. रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना यांना 1973 चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तरी ज्या मूकपटांमुळे त्या तारका ठरल्या, त्यांतील बहुतेक आज नष्ट झाले आहेत. त्या मानाने सीतादेवी भाग्यवान. ‘प्रेम संन्यास’ (1925), ‘शिराज’ (1928) आणि ‘प्रपंच पाश’ (1929) हे निर्माते-अभिनेते हिमांशु राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांचे तिन्ही मूकपट टिकले आणि तिन्हींत त्या आहेत. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 2017 मध्ये पुनरुज्जीवित केलेल्या ‘शिराज’ची ब्ल्यू-रे मी मुख्यतः त्यांच्यासाठीच पाहिली.

सीतादेवी यांचे मूळ नाव रेने स्मिथ. कुलीन घरांतील स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नसताना, पौराणिक वा मोगली नाव घेऊन अँग्लो-इंडियन तरुणींनी ती जागा भरून काढली, आणि मूकपटात उच्चारांचा प्रश्न नसल्याने ते सहज खपूनही गेले. ‘शिराज’मध्ये नायिका एनाक्षी रामा राव आहेत, सीतादेवींच्या वाट्याला आली आहे ती शाहजादा खुर्रमवर (म्हणजे पुढच्या शाहजहानवर) डोळा ठेवून असलेली, मत्सराने कारस्थान रचणारी दालिया. माझ्या मते चित्रपट जिवंत राहतो तो तिच्यामुळेच. हिमांशु राय यांनी साकारलेला कथानायक शिराज रंगभूमीवरच्यासारखा छाती पुढे काढून दुःख करतो, तर दालियाचा हेवा नुसत्या नजरेत दिसतो. कॅमेरा जवळ आहे याचे भान या दोघांपैकी सीतादेवींनाच अधिक होते.

प्रत्यक्ष स्थळी चित्रित केलेली दृश्ये पुनरुज्जीवनानंतर इतकी स्वच्छ दिसतात, की वस्त्रांचा पोतही जाणवतो. हत्तीच्या पायाखाली देण्याच्या शिक्षेचा प्रसंग तर आजही अंगावर येतो. अनुष्का शंकर यांचे नवे संगीत एरवी सुरेख आहे. मात्र काही ठिकाणी ते भावना पात्राच्या आधीच सांगून टाकते, आणि दालियाच्या दृश्यांत ते विशेष खटकते. उपशीर्षके इंग्रजीत असली तरी थोडकी आहेत.

सीतादेवी नायिका म्हणून पाहायच्या असतील, तर नितीन साहनी यांच्या संगीतासह उपलब्ध असलेला ‘प्रपंच पाश’ घ्यावा. तिथे त्या अधिक वेळ दिसतात, पण भूमिका बरीच सोज्वळ आहे.